लोकसभेचे अध्यक्ष: खुर्चीवर बसल्यावर पक्षाचं काय होतं?

१७ एप्रिल १९९९. लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झालं. बाजूने २६९, विरोधात २७०. तेरा महिन्यांचं सरकार एका मताने पडलं. ही गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्या गोष्टीतला एक माणूस सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. तो म्हणजे अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेले जी. एम. सी. बालयोगी.

गिरिधर गमांग यांना मत देता येईल का, यावरून त्या दिवशी मोठा वाद झाला होता. दोनच महिन्यांपूर्वी ते ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी त्यांनी सोडलेली नव्हती. बालयोगींनी हा निर्णय गमांग यांच्याच सदसद्विवेकबुद्धीवर सोपवला. गमांग यांनी सरकारच्या विरोधात मत दिलं.

आता बोटांवर मोजून पाहा. गमांग यांचं मत वगळा, म्हणजे २६९ विरुद्ध २६९. अशी बरोबरी झाली की अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत द्यायचं, असं संविधानाचं कलम १०० सांगतं. एरवी त्यांना मत नसतं. बालयोगी तेलुगू देसमचे, आणि तेलुगू देसम त्या ठरावावर सरकारच्या बाजूने उभा होता. गमांग यांना अडवलं असतं तर सरकार वाचवण्याची किल्ली बालयोगींच्या हातात आली असती. त्यांनी अडवलं नाही. त्यांचा निर्णय योग्य होता की नाही, यावर आजही दोन मतं आहेत. मला मात्र त्या दुपारी त्या खुर्चीवर केवढं ओझं होतं, हे त्यातून दिसतं.

त्या खुर्चीबद्दल नीट समजून घ्यायचं तर आधी शब्दांचा घोळ मिटवू. लोकसभेत असतात ते अध्यक्ष, राज्यसभेत असतात ते सभापती. आपल्याकडेही तसंच: विधानसभेचे अध्यक्ष, विधान परिषदेचे सभापती. सगळ्यांना मिळून म्हणतात पीठासीन अधिकारी. पण लोकसभा आणि राज्यसभा यांच्यातला फरक नावापुरता नाही. राज्यसभेचे सभापती म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती. ते त्या सभागृहाचे सदस्यच नसतात. लोकसभेचे अध्यक्ष मात्र सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे असतात. म्हणजे तो माणूस कुठल्यातरी पक्षाच्या चिन्हावर मतं मागून, प्रचारसभा घेऊन, विरोधी उमेदवाराला पाडून तिथे आलेला असतो. आणि निवड झाली की त्याच क्षणापासून त्याने सगळ्यांना सारखं वागवावं अशी अपेक्षा असते. या पदासाठी वेगळी शपथही घ्यावी लागत नाही. सभागृहाचे नेते आणि विरोधी पक्षाचे नेते त्यांना आसनापर्यंत घेऊन जातात, आणि ते बसतात. झालं.

नजरेने आणि कानाने चालणारं काम

टीव्हीवर कामकाज पाहताना आपल्याला वाटतं, अध्यक्ष नुसते "बसा, बसा" म्हणतात. प्रत्यक्षात कोणी बोलायचं, किती वेळ, कुठला प्रश्न घ्यायचा, कुठला स्थगन प्रस्ताव फेटाळायचा, कुठला शब्द कामकाजातून काढून टाकायचा, हे सगळं तेच ठरवतात.

आवाजी मतदान घ्या. अध्यक्ष ठराव मांडतात. अनुकूल असतील त्यांनी "होय" म्हणायचं, प्रतिकूल असतील त्यांनी "नाही". दोन्ही बाजूंनी आरोळ्या उठतात. मोजणी काहीच नसते. अध्यक्ष कानाने अंदाज घेऊन सांगतात की होयवाल्यांचं बहुमत दिसतंय. कुणी हरकत घेतली तरच पुढची पायरी येते, ती म्हणजे मतविभागणी. मग घंटा वाजते, ती साडेतीन मिनिटं चालते. कॅन्टीनमध्ये, ग्रंथालयात, व्हरांड्यात असलेले खासदार धावत येतात, दारं बंद होतात आणि मगच मतं नोंदली जातात. गोंधळात ती हरकत अध्यक्षांनी "ऐकलीच नाही" तर? विधेयक मंजूर. म्हणूनच संसदीय वादांमध्ये "आम्ही मतविभागणी मागितली होती" हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. एवढ्या बारीक जागेतही अध्यक्षाच्या निःपक्षपातीपणाला किंमत आहे.

विठ्ठलभाई आणि दादासाहेब

ही परंपरा स्वातंत्र्यानंतर सुरू झालेली नाही. दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाचे पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट; त्यांना सरकारने नेमलं होतं. १९२५ मध्ये पहिल्यांदा सदस्यांनी आपला अध्यक्ष निवडला, तो विठ्ठलभाई पटेलांना. वल्लभभाईंचे हे थोरले बंधू स्वराज्य पक्षाचे आघाडीचे नेते होते, सरकारला सळो की पळो करून सोडणारे. निवडून आल्यावर त्यांनी पहिल्याच भाषणात जाहीर केलं की या क्षणापासून मी पक्षाचा माणूस राहिलो नाही.

याचा अर्थ ते सरकारला मऊ झाले असा नव्हे. सप्टेंबर १९२८ मध्ये सरकारने सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणलं. मतं पडली ६१ विरुद्ध ६१. विठ्ठलभाईंनी निर्णायक मत विरोधात टाकलं आणि विधेयक पडलं. सरकारने ते पुन्हा आणलं. ८ एप्रिल १९२९ रोजी त्याबद्दल आपला निर्णय सांगायला विठ्ठलभाई उठत होते, तेवढ्यात प्रेक्षागृहातून बॉम्ब पडले. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांचा तो बॉम्ब आपल्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. तो पडला तेव्हा अध्यक्ष काय सांगणार होते, हे मात्र पुस्तकात सहसा नसतं. तीन दिवसांनी, ११ एप्रिलला, त्यांनी तो निर्णय दिला. कम्युनिस्ट आणि कामगार नेत्यांवरचा मीरत कटाचा खटला न्यायालयात चालू असताना या विधेयकावर खरी चर्चा होऊच शकत नाही, त्यामुळे ते मांडता येणार नाही. व्हाइसरॉयला शेवटी वटहुकूम काढावा लागला.

विठ्ठलभाईंची दुसरी कामगिरी कमी नाट्यमय, पण माझ्या मते जास्त टिकाऊ आहे. विधिमंडळाचे कर्मचारी तोवर सरकारच्या हाताखाली होते. ज्या सरकारला जाब विचारायचा, त्याच्याच नोकरांनी सभागृहाचे कागद सांभाळायचे! १९२९ च्या जानेवारीत विठ्ठलभाईंनी विधिमंडळासाठी स्वतंत्र कार्यालय मिळवलं. आजच्या लोकसभा सचिवालयाचं मूळ तिथे आहे.

दुसरा माणूस आपल्या जास्त जवळचा. गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे दादासाहेब. आडनाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावावरून आलेलं, जन्म १८८८ मध्ये बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९४६ च्या जानेवारीत दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध ६६–६३ असे तीन मतांनी निवडून आले. पुढे हंगामी संसदेत तेच, आणि १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेचे पहिले अध्यक्षही तेच. ही निवडही बिनविरोध नव्हती. समोर होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. मावळंकरांना ३९४ मतं, मोऱ्यांना ५५. पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदाची लढत दोन मराठी आडनावांत झाली, ही गोष्ट मला कळली तेव्हा फार गंमत वाटली होती.

मावळंकरांसमोरचा प्रश्न विठ्ठलभाईंपेक्षा अवघड होता. परक्या सरकारपुढे ताठ उभं राहणं एक, आणि स्वतःच्याच पक्षाचं, तेही नेहरूंचं, सरकार समोर बसलेलं असताना ताठ राहणं वेगळं. मावळंकरांनी काँग्रेस सोडली नाही. इंग्लंडात अध्यक्ष झालेला माणूस पक्ष सोडतो आणि त्याच्या मतदारसंघात मोठे पक्ष सहसा उमेदवार देत नाहीत. तशी परंपरा आपल्याकडे रुजेपर्यंत अध्यक्षाला पक्षाशी सगळे धागे तोडता येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. पण खुर्चीवरून त्यांनी सरकारला सूट दिली नाही. संसदेला डावलून वटहुकूम काढण्याची सवय लोकशाहीला शोभणारी नाही, हे त्यांनी सरकारला पत्रांतून स्पष्ट कळवलं. प्रश्नोत्तराचा तास, सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी अंदाज समिती, मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली जातात का हे पाहणारी समिती, यांची घडी त्यांच्याच काळात बसली. १९५६ च्या फेब्रुवारीत पदावर असतानाच ते गेले.

अध्यक्षांच्या सहीची ताकद

दोन अधिकार असे आहेत की ज्यांच्यामुळे हे पद नुसतं मानाचं राहत नाही.

एक म्हणजे धन विधेयक, अर्थात फक्त कर आणि सरकारी पैशांच्या बाबींचं विधेयक. एखादं विधेयक धन विधेयक आहे असा दाखला लोकसभेच्या अध्यक्षांनी दिला की राज्यसभेची ताकद जवळजवळ संपते. राज्यसभेने ते १४ दिवसांत परत पाठवायचं. सुचवलेल्या दुरुस्त्या घ्यायच्या की नाही हे लोकसभा ठरवणार. कलम ११० म्हणतं की याबाबत अध्यक्षांचा निर्णय अंतिम. ज्या सरकारकडे लोकसभेत बहुमत आहे पण राज्यसभेत नाही, त्याला हा दाखला किती मोलाचा वाटेल ते सांगायला नको. २०१६ चं आधार विधेयक सुमित्रा महाजन अध्यक्ष असताना याच वाटेने गेलं. वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. २०१८ मध्ये बहुमताच्या निकालाने ते धन विधेयक म्हणून टिकलं, पण न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळं निकालपत्र लिहून त्याला कडक विरोध नोंदवला. मला ते विरोधी निकालपत्र जास्त पटतं. दाखला अंतिम असला म्हणून तो कसाही देता येतो असं नव्हे.

दुसरा अधिकार पक्षांतरबंदीचा, आणि याची झळ महाराष्ट्राला चांगलीच माहीत आहे. १९८५ मध्ये ५२वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावी अनुसूची आली. पक्ष सोडला किंवा पक्षादेश (व्हिप) मोडला तर सदस्यत्व जाणार. पण हे ठरवणार कोण? निवडणूक आयोग नाही, न्यायालय नाही. अध्यक्ष. म्हणजे ज्याची खुर्ची बहुमतावर अवलंबून, त्यानेच बहुमताच्या फोडाफोडीचा निवाडा करायचा.

काहींनी तो धीटपणे केला. जनता दल फुटल्यानंतर, जानेवारी १९९१ मध्ये, रबी राय यांनी आठ खासदारांना अपात्र ठरवलं. त्यांत त्या वेळच्या सरकारातले मंत्री होते. पुढच्या वर्षी किहोटो होलोहन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने हा अधिकार अध्यक्षांकडेच ठेवला, मात्र त्यांच्या निर्णयाची न्यायालयात तपासणी होऊ शकेल असंही सांगितलं. राहिली एक फट: निर्णय किती दिवसांत द्यायचा, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. न्यायालय निर्णय तपासेल, पण निर्णयच नसेल तर तपासणार काय? २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात न्यायालयाने साधारण तीन महिन्यांची मर्यादा सांगितली आणि हा अधिकार स्वतंत्र लवादाकडे द्यावा का याचा संसदेने विचार करावा असं सुचवलं. शिवसेनेच्या फुटीनंतर २०२२ च्या उन्हाळ्याअखेर आपल्या विधानसभेत दाखल झालेल्या याचिकांचा निकाल १० जानेवारी २०२४ ला लागला. तोही सर्वोच्च न्यायालयाने तारीख घालून दिल्यावर. पाच वर्षांच्या विधानसभेतलं दीड वर्ष त्यात गेलं. निकाल कुणाच्या बाजूने लागला हा मुद्दा मी बाजूला ठेवतो. कुठल्याही पक्षाचा मतदार असा, आपण दिलेलं मत नक्की कुणाच्या खात्यात आहे हे कळायला दीड वर्ष लागणं बरोबर नाही.

काढायचं म्हटलं तर

अध्यक्ष पक्षपाती वागले तर उपाय आहे. चौदा दिवसांची नोटीस द्यायची, मग ठराव. पण ठराव सभागृहाच्या त्या वेळच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने मंजूर व्हावा लागतो, हजर असलेल्यांच्या नव्हे. चर्चा चालू असताना अध्यक्षांनी खुर्चीत बसायचं नाही. खाली सदस्यांत बसून बोलता येतं. ज्यांचं बहुमत त्यांचाच अध्यक्ष, त्यामुळे असा ठराव मंजूर होणं कठीणच. १९५४ मध्ये खुद्द मावळंकरांविरुद्ध ठराव आला आणि फेटाळला गेला. १९६६ मध्ये सरदार हुकम सिंग यांच्याविरुद्ध मधु लिमये उभे राहिले, पण ठराव मांडायला लागणारे ५० सदस्यही पाठिंब्याला उठले नाहीत. १९८७ मध्ये बलराम जाखड यांच्याविरुद्धचा ठराव सोमनाथ चटर्जी यांनी मांडला. हे नाव लक्षात ठेवा.

अध्यक्षांना स्वतःहून जायचं असेल तर राजीनामा उपाध्यक्षांच्या नावे द्यायचा असतो. ते पद विरोधकांना देण्याची चांगली पद्धत बराच काळ चालू होती. २०१९ ते २०२४ ही सतरावी लोकसभा मात्र पूर्ण मुदत उपाध्यक्षाविनाच चालली. संविधानाचं कलम ९३ म्हणतं की सभागृहाने शक्य तितक्या लवकर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावेत. "शक्य तितक्या लवकर" म्हणजे पाच वर्षं नव्हेत, एवढं तरी आपण मान्य करायला हरकत नाही.

खुर्चीवरून उठल्यावर

नियम इतके मोकळे असल्यावर सगळा भार येतो तो माणसावर. आणि माणसाला उद्याची चिंता असते. संजीव रेड्डी यांनी १९६७ मध्ये अध्यक्ष होताच काँग्रेसचं सदस्यत्व सोडलं. हे धाडसाचं पाऊल होतं. पण दोनच वर्षांत राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार म्हणून त्यांनी अध्यक्षपद सोडलं, आणि व्ही. व्ही. गिरींकडून हरले. १९७७ मध्ये ते पुन्हा अध्यक्ष झाले आणि चार महिन्यांत बिनविरोध राष्ट्रपती. गुरदयाल सिंग धिल्लाँ १९७५ च्या डिसेंबरात खुर्चीवरून उठले ते थेट मंत्रिमंडळात गेले. जाखड पुढे कृषिमंत्री झाले. लातूरचे शिवराज पाटील, ज्यांच्या काळात १९९३ मध्ये प्रत्येक खात्याचं काम तपासणाऱ्या १७ स्थायी समित्या सुरू झाल्या, ते २००४ मध्ये गृहमंत्री झाले. यांतल्या कुणाच्या हेतूवर मी बोट ठेवत नाही. पण पुढचं पद, पुढचं तिकीट ज्या पक्षाकडून मिळायचं, त्याच पक्षाच्या मंत्र्याला आज भर सभागृहात गप्प बसवायचं, ही अपेक्षा फार मोठी आहे.

यावर उत्तर शोधायचा प्रयत्न झाला होता, आणि तो एका मराठी माणसाच्या नावावर आहे. १९६८ मध्ये पीठासीन अधिकाऱ्यांची एक समिती नेमली गेली. तिचे प्रमुख वि. स. पागे, म्हणजे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती आणि रोजगार हमी योजनेचे जनक. समितीचं म्हणणं असं की अध्यक्षाने काम निःपक्षपातीपणे आणि नीट केलं असेल तर पुढच्या सभागृहातही त्यालाच राहू द्यावं. म्हणजे उद्याची चिंताच काढून टाकायची. शिफारस कागदावर राहिली. कुठल्याही पक्षाला आपला एक मतदारसंघ आणि एक खुर्ची सोडवली नाही.

आता ते लक्षात ठेवलेलं नाव. १९८७ मध्ये अध्यक्षांना काढायचा ठराव आणणारे सोमनाथ चटर्जी २००४ मध्ये स्वतः अध्यक्ष झाले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे ते जुने, जाणते खासदार. २००८ च्या जुलैमध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून त्यांच्या पक्षाने मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला आणि पाठिंबा काढणाऱ्या खासदारांच्या यादीत चटर्जी यांचंही नाव राष्ट्रपतींना दिलं. पक्षाला वाटत होतं, त्यांनी अध्यक्षपद सोडावं आणि खाली येऊन सरकारविरुद्ध मत द्यावं. चटर्जी यांनी नकार दिला. अध्यक्षाला पक्ष नसतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

२२ जुलैला मतदान होतं. दुपारी भाजपचे तीन खासदार पिशवीतून नोटांची बंडलं काढत पुढे आले आणि सभागृहाच्या मधल्या टेबलावर त्यांनी ती रचली. मतासाठी आपल्याला लाच दिली गेली, असा त्यांचा आरोप होता. सगळा देश टीव्हीवर पाहत होता. त्या कल्लोळात चटर्जी यांनी सभागृह सावरलं, मतदान घेतलं, २७५ विरुद्ध २५६ असा निकाल जाहीर केला. दुसऱ्या दिवशी पक्षाने त्यांना काढून टाकलं. चाळीसेक वर्षांचं नातं एका रात्रीत संपलं. पुढे लोकसभेची मुदत संपेपर्यंत ते अध्यक्ष राहिले, आणि २००९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही.

१३ ऑगस्ट २०१८ रोजी कोलकात्यात ते गेले. पक्षाचे नेते अंत्यदर्शनाला आले. पार्थिवावर लाल झेंडा घालू द्यावा, अशी विनंती झाली. घरच्यांनी नको म्हणून सांगितलं.